सोलापूर जिच्या आंदणात गेलं, ती चांदबीबी

मंद्रूपच्या स्टँडवरून विजापूरची गाडी पकडली, टाकळीच्या पुलावरून भीमा ओलांडली, की कर्नाटक सुरू होतं. मग थोड्याच वेळात सपाट माळापलीकडे गोलघुमट दिसायला लागतो. आपल्या भागातल्या जवळपास प्रत्येक शाळेची सहल एकदा तरी तिथं गेलेली असते. तुम्हीही गेला असाल. वरच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली असेल, ती पुन्हा पुन्हा घुमून परत आलेली ऐकली असेल, ग्रुप फोटो काढला असेल. पण खाली ओट्यावर ज्या कबरी आहेत, त्या कुणाकुणाच्या, हे विचारलं होतं का?

मुहम्मद आदिलशाह तिथं आहे, हे तर ठाऊक असतं. १६५६ साली तो गेला आणि आपण हयातीतच बांधायला घेतलेल्या घुमटाखाली त्याला पुरलं. त्याच्याजवळ त्याच्या बेगमा आहेत, एक मुलगी आहे, एक नातू आहे. रंभा नावाची दरबारातली नर्तकी त्याच्या मर्जीतली होती, तिचीही कबर तिथंच आहे. वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी. खऱ्या कबरी त्यांच्या बरोब्बर खाली, तळघरात. शहराच्या दुसऱ्या टोकाला इब्राहिम रोजा आहे, तिथं या मुहम्मदचा बाप इब्राहिम आदिलशाह दुसरा, त्याची बेगम ताज सुलताना, त्याची आई, एक मुलगी आणि दोन मुलगे अशा सहा जणांच्या कबरी आहेत.

या दोन्ही याद्यांमध्ये एक नाव नाही. हा इब्राहिम नऊ वर्षांचा असताना त्याची गादी जिनं सांभाळली, त्याच्यासाठी कैद भोगली आणि नंतर माहेरच्या गादीसाठी मोगलांशी लढली, तिचं. म्हणजे चांदबीबीचं. गंमत म्हणजे तिची गोष्ट तुमच्या-माझ्या सोलापूरपासूनच सुरू होते.

किल्ला, साडेपाच परगणे आणि लग्न

हुतात्मा बागेशेजारचा आपला भुईकोट किल्ला तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. कॉलेज बुडवून तिथं बसणारेही कमी नाहीत. पण सोळाव्या शतकात या किल्ल्यावरून दोन राज्यांची डोकी फुटत होती. उत्तरेला अहमदनगरची निजामशाही, म्हणजे आजचं अहिल्यानगर. दक्षिणेला विजापूरची आदिलशाही. मध्ये सोलापूर आणि त्याच्या भोवतीचे साडेपाच परगणे. सीना आणि भीमेच्या मधला आपला हा पट्टा दोघांनाही हवा होता. किल्ला ज्याच्या हाती, भीमेचे उतार त्याच्या हाती.

१५२४ मध्ये दोन्ही राज्यांनी भांडण मिटवायचं ठरवलं आणि विजापूरची शहजादी मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. आंदण म्हणून सोलापूर देण्याचं ठरलं होतं. लग्न झालं, सोलापूर काही मिळालं नाही. पुढची कित्येक वर्षं या न मिळालेल्या आंदणावरून लढाया होत राहिल्या.

मग विजयनगरचा रामराय प्रबळ झाला. दख्खनच्या सुलतानांना एकमेकांशी भांडायला लावून प्रत्येक वेळी स्वतःचं राज्य वाढवण्यात तो वाकबगार होता. शेवटी सुलतानांच्या लक्षात आलं की आपण असेच लढत राहिलो तर सगळेच बुडू. १५६४ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशाहाचं लग्न नगरच्या हुसेन निजामशाहाच्या मुलीशी झालं. ती चांदबीबी. अलीची बहीण उलट नगरच्या राजपुत्राला दिली. आणि या वेळी आंदणात सोलापूरचा किल्ला खरोखर दिला गेला, तोही नगरकडून विजापूरला. पुढे जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर कोसळलं.

चांदबीबीचा जन्म साधारण १५५० चा. म्हणजे लग्नात ती चौदा-एक वर्षांची. आज त्या वयाची मुलगी नववीत असते. एका लढाईच्या तहात किल्ल्याबरोबर तीही सासरी गेली. सोलापूर आणि चांदबीबी, दोघंही एकाच करारातली कलमं.

पण ती मुळात गप्प बसणाऱ्या घरातली नव्हती. तिची आई खुंजा हुमायूँ. हुसेन निजामशाह १५६५ मध्ये गेल्यावर धाकट्या मुर्तझाच्या नावानं काही वर्षं कारभार या बाईनंच चालवला. पुढे मुलानंच तिला कैदेत टाकलं. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीपर लिहिलेली एक सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती. नंतर कुणीतरी त्या राणीवर रंग फासला. सुलतानाशेजारी सिंहासनावर बसलेली बाई नको असलेल्या कुणाचं तरी ते काम. आईचं चित्र पुसलं गेलं, हे लक्षात ठेवा. मुलीच्या बाबतीत काय झालं, त्याकडे आपण येऊच.

नऊ वर्षांचा सुलतान

विजापुरात चांदबीबी पडद्याआड बसून राहिली नाही. ती नवऱ्याबरोबर घोड्यावर बसून शिकारीला आणि मोहिमांवर जायची, असं वर्णन आहे. फारसी, अरबी, तुर्की यांच्या जोडीला मराठी आणि कन्नडही तिला येत होतं, असं इतिहासकार लिहितात. हे पटण्यासारखं आहे. विजापूरच्या महसुलाच्या कामात मराठी आधीच आलेली होती आणि बाजारात कन्नड होतीच. मंद्रूपच्या आठवडी बाजारात आजही एकाच वाक्यात दोन भाषा ऐकू येतात, तसंच काहीसं ते राज्य होतं.

अली आणि चांदबीबीला मूल झालं नाही. १५८० साली अलीचा राजवाड्यातच खून झाला. चांदबीबी तेव्हा तिशीची. गादीवर अलीचा पुतण्या इब्राहिम बसला, वय वर्षं नऊ. मुलाची जबाबदारी चांदबीबीवर आली आणि राज्याची सूत्रं दरबारातल्या सरदारांकडे.

पुढची काही वर्षं म्हणजे एका वेब सिरीजचे तीन सीझन आहेत. पहिला कारभारी कामिलखान. दोन महिन्यांतच त्याच्या डोक्यात हवा गेली आणि तो चांदबीबीलाच जुमानेना. तिनं किश्वरखानाला हाताशी धरून त्याला हटवलं. मग किश्वरखान तसाच वागू लागला. त्यानं मुस्तफाखान नावाच्या जुन्या, वजनदार सरदाराचा काटा काढला. चांदबीबी आड येते म्हटल्यावर तिच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि तिला सातारच्या किल्ल्यात डांबलं. तुम्ही अजिंक्यताऱ्यावर ट्रेकला गेला असाल, तर त्याच किल्ल्यावर विजापूरची ही राणी कैदी होती.

ही कैद किश्वरखानालाच महागात पडली. लष्कर आणि शहर दोन्ही त्याच्या विरोधात गेले. इखलासखान या हबशी सरदारानं उठाव केला. किश्वरखान पळाला आणि पुढे गोवळकोंड्याच्या मुलखात मारला गेला. चांदबीबी साताऱ्याहून परत आली.

आता दारात नवं संकट होतं. विजापुरात फूट आहे हे बघून नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा चालून आल्या. विचार करा, वेढा घालणाऱ्यांत तिच्या सख्ख्या भावाची फौज होती. ती माहेरच्या बाजूनं गेली नाही. शहरात सैन्य थोडं, त्यात हबशी सरदार आणि बाकीचे एकमेकांवर नाराज. तिनं सगळ्यांना मान्य होईल असा माणूस कारभारावर नेमून ही नाराजी मिटवली. मराठा बारगीरांच्या टोळ्यांनी बाहेरून वेढ्याची रसद तोडली. वर्षभरानं वेढा घालणारेच कंटाळून परत गेले.

वेढा उठला आणि दिलावरखान नावाच्या सरदारानं सगळी सत्ता हातात घेतली. चांदबीबी बाजूला झाली. १५८४ च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचं लग्न नगरच्या राजपुत्राशी झालं, तेव्हा नवरीबरोबर ती माहेरी गेली. इब्राहिम तोवर मिसरूड फुटायच्या वयाला आला होता. पुढे त्यानं दिलावरखानाला हटवलं आणि १६२७ पर्यंत राज्य केलं. संगीतात रमणारा, सरस्वती आणि गणपतीवर गीतं रचणारा, लोकांनी जगद्गुरू म्हटलेला सुलतान तो हाच. त्याला गादी मिळाली, ती टिकली, याचं बरंचसं श्रेय त्याच्या काकूला जातं.

नगरच्या भिंतीतलं भगदाड

माहेरी परिस्थिती आणखी वाईट होती. १५८८ मध्ये तिच्या भावाला, मुर्तझाला, त्याच्याच मुलानं मारलं. पुढच्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. १५९५ पर्यंत नगरच्या गादीवर माणसं येत होती आणि जात होती. त्या वर्षी सुलतान इब्राहिम निजामशाह विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर.

दरबारात चार गट पडले. त्यातल्या मियाँ मंजूनं अहमद नावाचा एक पोरगा राजघराण्यातला म्हणून गादीवर बसवला. तो त्या घराण्यातलाच नाही, असं लवकरच बाहेर आलं. बाकीचे सरदार उलटले, तेव्हा मंजूनं घाबरून गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. मुरादला हेच हवं होतं. तो येईपर्यंत मंजूला चूक कळली होती, पण उपयोग नव्हता. तो किल्ला सोडून निघून गेला. चांदबीबीनं बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली आणि किल्ल्याची दारं लावून घेतली.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. नगरचा किल्ला डोंगरावर नाही, आपल्या सोलापूरसारखाच भुईकोट. कडे-कपारी नाहीत, तेव्हा तो टिकायचा तर खंदक, भिंत आणि माणसं यांच्यावर. मोगलांनी भिंतीखाली सुरुंग खणले आणि त्यात दारू भरली. मोगल छावणीतल्याच एकानं त्याची खबर रात्री किल्ल्यात पोचवली. चांदबीबीनं आतून खणायला लावून दोन सुरुंग निकामी केले. तिसरा रिकामा करायचं काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. सुमारे पन्नास यार्ड भिंत उडाली. आत काम करणारे तिच्याखाली गेले.

भगदाड पडल्यावर बरेच सरदार पळायच्या बेतात होते. त्याच वेळी चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहिली. पळणारे परतले. मोगलांनी दिवस मावळेपर्यंत हल्ले केले, पण खंदक प्रेतांनी भरला तरी आत घुसता आलं नाही. त्या रात्री किल्ल्यातली माणसं भिंत बांधत होती आणि ती तिथंच उभी होती. सकाळी मुरादला पुन्हा भिंत दिसली. गोळे संपल्यावर तिनं तोफांतून तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी डागली, अशी दंतकथा आजही नगरकडे सांगतात. दंतकथा सोडून दिली, तरी त्या दिवसापासून लोक तिला चांद सुलतान म्हणू लागले, ही नोंद विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्तानं केली आहे.

यात आपल्या भागाचा एक धागा आहे. चांदबीबीनं विजापूरला मदत मागितली होती. इब्राहिम आदिलशाहानं, म्हणजे तिनं वाढवलेल्या त्याच मुलानं, सुहैलखानाबरोबर पंचवीस हजार घोडेस्वार पाठवले, आणि ही फौज जमली ती नळदुर्गला. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभरावर असलेला, पावसाळ्यात नर-मादी धबधब्यासाठी आपण गर्दी करतो तो नळदुर्ग. ही फौज निघाल्याची बातमी मोगल छावणीत पोचली. तिथं दाणापाण्याची आधीच टंचाई होती आणि मुराद व खानखानान यांचं आपसांत पटत नव्हतं. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं, पण नगर वाचलं आणि बहादूर सुलतान म्हणून मान्य झाला.

शेवटचा आरोप

शांतता टिकली नाही. वऱ्हाडच्या सीमेवरून पुन्हा लढाया पेटल्या. दरबारातले सरदार पुन्हा एकमेकांवर उठले. १६०० मध्ये अकबर स्वतः दक्षिणेत उतरला होता आणि त्याचा मुलगा दानियाल नगरला वेढा घालून बसला होता. या वेळी नळदुर्गला कुणी जमलं नाही. किल्ल्यातली फौज आतून फुटलेली होती.

चांदबीबीनं हिशेब केला. किल्ला आता टिकत नाही. तो मोगलांना द्यावा, त्या बदल्यात बहादूरला आणि आतल्या माणसांना सुखरूप बाहेर काढावं आणि जुन्नरला जावं. म्हणजे किल्ला गेला तरी गादीचा वारस आणि राज्य शिल्लक राहील. तिनं हा विचार हमीदखान या सरदारापुढे मांडला. तो रस्त्यावर गेला आणि राणी मोगलांना फितूर झाली, अशी त्यानं बोंब ठोकली. चिडलेला जमाव आणि शिपाई तिच्या महालात घुसले. ज्या माणसांसाठी ती पाच वर्षांपूर्वी भगदाडात उभी राहिली होती, त्यांनीच तिला मारलं. वय पन्नास.

बघा, फितुरीचा आळ तिच्यावर आयुष्यात दोनदा आला. एकदा विजापुरात, एकदा नगरात. पहिल्यांदा कैद झाली, दुसऱ्यांदा जीव गेला. दोन्ही वेळी आरोप करणाऱ्याला सत्ता हवी होती. व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात एखाद्याला देशद्रोही ठरवणाऱ्या आपल्या पिढीनं हा हमीदखान नीट ओळखून ठेवायला हवा.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, मोगलांनी सुरुंग उडवून किल्ला घेतला. शरणागतीच्या अटी ठरवायला आत कुणी उरलंच नव्हतं. पोरवयाचा बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. तिचा हिशेब बरोबर होता, हे कळलं तेव्हा ती नव्हती.

घुमटाखाली जागा कुणाला?

आता पुन्हा कबरींकडे येऊ. मेल्यावर राजाला कुठं ठेवायचं, हा त्या काळात साधा प्रश्न नव्हता. कबर म्हणजे घराण्याचा सातबारा. सुरुवातीचे आदिलशाह आजच्या यादगीर जिल्ह्यात गोगीला, चंदा हुसैनींच्या दर्ग्याजवळ पुरले गेले. चांदबीबीच्या नवऱ्यापासून सुलतान विजापुरातच विसावू लागले. अलीची कबर साधीच आहे. त्यानंतरच्या प्रत्येकाला आधीच्यापेक्षा मोठी हवी होती. इब्राहिमचा रोजा देखणा झाला. मुहम्मदचा घुमट तर इतका मोठा, की आतून त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर भरतो. त्याच्या मुलाला, दुसऱ्या अलीला, याहून मोठं काही बांधायचं होतं. ते अर्धवट राहिलं, तीच आजची बारा कमान. शेवटचा सुलतान सिकंदर. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तो कैदी झाला. १७०० साली तो कैदेतच गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला विजापुरात आणून गुरूच्या पायाशी, उघड्या आभाळाखाली पुरलं. घराण्याचा चढ आणि उतार, दोन्ही या कबरींवरून वाचता येतात.

हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. चांदबीबीच्या लग्नाच्या वर्षभर आधी, १५६३ मध्ये, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने माद्रिदजवळ एस्कोरियाल नावाच्या प्रचंड वास्तूचा पाया घातला. मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याची दफनभूमी, सगळं एका छताखाली. हा फिलिप आपल्याला फार लांबचा वाटेल, पण १५८०-८१ मध्ये तो पोर्तुगालचाही राजा झाला. विजापूरकडून १५१० मध्ये घेतलेला गोवाही त्यामुळे त्याच्या ताब्यात आला. म्हणजे विजापुरात चांदबीबी नऊ वर्षांच्या सुलतानाला सांभाळत होती, तेव्हा तिच्या राज्याचा पश्चिमेकडचा शेजारी हाच फिलिप होता.

एस्कोरियालमधला राजांचा तळघर-कक्ष १६५४ मध्ये पूर्ण झाला. गोल खोली, भिंतींत २६ संगमरवरी शवपेट्या. एका बाजूला राजे, दुसऱ्या बाजूला राण्या. पण सगळ्या राण्या नाहीत. एक-दोन अपवाद सोडले तर नियम असा, की जिचा मुलगा पुढे राजा झाला तीच राणी या खोलीत. फिलिपची चार लग्नं झाली. चौथी बायको ॲना तिथं आहे, कारण पुढचा राजा तिच्या पोटचा. दोन राण्या त्याच वास्तूतल्या दुसऱ्या कक्षात आहेत आणि इंग्लंडची राणी असलेली एक लंडनला. राण्यांच्या बाजूला जागा मिळवायची, तर राज्य सांभाळून भागत नव्हतं. राजाला जन्म द्यावा लागायचा.

विजापूरला असा कुठं लिहिलेला नियम नव्हता. पण इब्राहिम रोजाची यादी पुन्हा बघा. बेगम आहे, जन्मदाती आई आहे, मुलं आहेत. वाढवणारी काकू नाही. हे खरं, की ती नगरात, मोगलांच्या वेढ्यात मारली गेली आणि रोजा पूर्ण झाला तो पाव शतकानंतर. पण त्या काळात प्रेतं लांबवर नेली जात होती. तिच्या आजोबांचा, बुऱ्हाण निजामशाहाचा देह तर नगरहून पार करबलाला पाठवला गेला होता. मनात असतं, तर मार्ग निघाला असता.

आता सगळ्यात विचित्र गोष्ट. नगरजवळ शाह डोंगरावर एक तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत आहे. कोसावरून दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. पावसाळ्यात तिथल्या रील्स तुमच्याही फोनवर आल्या असतील. ती इमारत महाल नाही आणि चांदबीबीची तर नाहीच. तो सलाबतखानाचा मकबरा आहे. हा सलाबतखान तिच्या भावाचा, मुर्तझाचा, कारभारी होता. तळघरात कबरी आहेत, त्या त्याच्या घरच्या. म्हणजे एका कारभाऱ्यानं स्वतःसाठी डोंगरावर मकबरा बांधला, आणि लोकांनी मात्र तो चांदबीबीच्या नावावर करून टाकला.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा, की घराण्यांनी तिला जागा दिली नाही. गादीवर बसलेल्यांसाठी, गादीवर बसणाऱ्यांना जन्म देणाऱ्यांसाठी, अगदी मर्जीतल्या नर्तकीसाठीही घुमटाखाली जागा निघाली. दोन-दोन गाद्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखणारीला त्या यादीत बसवायला रकाना नव्हता. आपल्या गावातही हे दिसतंच. नवरा गेल्यावर दिराची पोरं वाढवून, रान कसून, कर्ज फेडून घर उभं करणारी एखादी काकू असते. उताऱ्यावर तिचं नाव नसतं. वाटण्या होतात तेव्हा तिला कुणी विचारत नाही.

दुसरा अर्थ असा, की लोकांनी मात्र तिला सोडलं नाही. डोंगरावर एवढी मोठी इमारत दिसतेय, तर ती हिचीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. इतिहास म्हणून ते चूक आहे. माया म्हणून बरोबर आहे. पण तुम्ही इतिहास शिकणार असाल, एमपीएससीची तयारी करत असाल किंवा नुसती रील टाकणार असाल, तरी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. सलाबतखानाची कबर सलाबतखानाला परत द्या. चांदबीबीचं मोठेपण उसन्या घुमटावर उभं नाही. त्या घुमटाच्या पायथ्याशी बसून तिची खरी गोष्ट सांगितली, तरी ते पुरेसं आहे.

आणि तिच्या नावाचं, खरोखर तिच्याचसाठी बांधलेलं काही बघायचं असेल, तर विजापुरात ते आहे. गोलघुमट बघून झाला की लगेच गाडीत बसू नका. शहापूर दरवाज्याकडे जा. तिथं चांद बावडी आहे. अली आदिलशाहानं बायकोच्या नावानं बांधलेली पायऱ्यांची विहीर, शहराला पाणी मिळावं म्हणून. ती जिवंत असतानाच बांधलेली. आपण दुष्काळी पट्ट्यातली माणसं, फेब्रुवारीतच टँकरची वाट बघणारी. घुमट मोठा की विहीर मोठी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.